आर्टिस्टच्या रकान्यात

गाणं वाजवायला प्लेअरला नाव लागत नाही. गाणं कितवं आणि ते डिस्कवर कुठे सुरू होतं, एवढं कळलं की त्याचं काम भागतं. नाव माणसांना लागतं. ते कुणीतरी बसून टाइप करावं लागतं आणि टाइप करणारा जे लिहील तेच पुढे लोक वाचतात. ही साधी गोष्ट मी शहापूरच्या बाजारात शिकले. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि ‘सीडी राइट करून मिळेल’ अशी पाटी असलेल्या एका छोट्या दुकानात कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये मी काम करायचे. साल २००८-०९.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी गाडीत सीडी घातलीच नसेल. त्या वेळी आमच्याकडच्या रस्त्यांवर तिचंच राज्य होतं. शहापूरला निदान आसनगाव स्टेशन तरी जवळ आहे, मुरबाडला रेल्वेच नाही. शहापूरहून किन्हवली, तिथून सरळगाव, मग नगरच्या हायवेनं मुरबाड, हा रस्ता एसटीचा आणि काळ्या-पिवळ्या जीपचा. एसटीला वेळापत्रक असायचं, जीप भरली की सुटायची. ती भरेपर्यंत लोकांनी दुसऱ्या जीपकडे जाऊ नये म्हणून गाणी. कुणाच्या जीपला बास किती आणि कुणाकडे नवीन पिक्चरची गाणी आधी आली, यावर स्टँडवर इज्जत ठरायची. कॅसेटचे जुने टेप काढून ड्रायव्हर लोक कल्याणहून सीडी प्लेअर आणायचे. त्यांच्या तोंडावर निळी पट्टी असायची आणि त्या पट्टीवर एका वेळी जेमतेम आठ-दहा इंग्रजी अक्षरं मावायची.

त्या पट्टीसाठी लोक आमच्या दुकानात यायचे.

“बाकीच्यांच्या गाडीत नाव फिरतं. माझ्यात नुसतं ट्रॅक एक, ट्रॅक दोन येतं. माझा प्लेअर बिघडलाय का?”

प्लेअर बिघडलेला नसायचा. फरक डिस्कमध्ये असायचा. ऑडिओ सीडी बाजारात आली १९८२ मध्ये, आणि फिलिप्स आणि सोनीनं तिचे नियम ठरवले त्याच्याही आधी, १९८० मध्ये. त्या नियमांत डिस्कच्या सुरुवातीला एक अनुक्रमणिका असते. किती गाणी आणि कुठलं गाणं कितव्या मिनिट-सेकंदाला सुरू होतं, एवढंच तिच्यात. गाणी जास्तीत जास्त ९९. नावासाठी जागाच ठेवलेली नव्हती, कारण नाव कव्हरवर छापलेलं असणार हे गृहीत होतं. १९९६ मध्ये त्यात ‘सीडी टेक्स्ट’ नावाची भर पडली. डिस्कच्या त्याच सुरुवातीच्या भागात मोकळ्या राहिलेल्या जागेत गाण्याचं आणि गायकाचं नाव बसवायचं. पण ते लिहायला राइटिंगच्या प्रोग्रॅममध्ये वेगळी खूण करावी लागायची, संपूर्ण डिस्क एका दमात लिहावी लागायची आणि वाचायला प्लेअरही तसाच लागायचा. तिन्ही गोष्टी जुळल्या तर नाव, नाहीतर ट्रॅक एक.

आमच्याकडे चालायची ती तिसरी तऱ्हा, एमपीथ्रीची सीडी. साध्या ऑडिओ सीडीत ८० मिनिटं, म्हणजे पंधरा-सोळा गाणी मावतात. त्याच ७०० एमबीत एमपीथ्री भरली तर बारा तासांच्या आसपास गाणी बसतात. शहापूर-मुरबाड दिवसभर फेऱ्या मारणाऱ्याला हेच परवडायचं. कोऱ्या सीडीसकट गाणी भरून २५-३० रुपये. मध्येच लाइट गेली आणि इन्व्हर्टरनं दगा दिला की डिस्क वाया. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत अशा डिस्क आमच्याकडे ढिगानं साठायच्या आणि लोक त्या भाजीच्या वाफ्यावर पाखरं उडवायला टांगण्यासाठी मागून न्यायचे.

एमपीथ्रीच्या फाइलमध्ये नावासाठी जागा असते. तिला टॅग म्हणतात. ही युक्ती एरिक केम्प नावाच्या माणसानं १९९६ मध्ये काढली. फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइट्सची एक चिठ्ठी चिकटवायची. पहिल्या तीन बाइट्समध्ये टी, ए, जी ही अक्षरं, मग ३० गाण्याच्या नावाला, ३० आर्टिस्टला, ३० अल्बमला, ४ सालाला, ३० शेऱ्याला आणि उरलेला एक गाण्याच्या प्रकाराला. पुढे १९९८ मध्ये याची मोठी आवृत्ती आली आणि तीसची मर्यादा गेली. पण स्वस्तातल्या प्लेअरांना ही जुनी चिठ्ठी बरी वाचता यायची, म्हणून मी दोन्ही भरायचे.

देवनागरीचा प्रश्नच नव्हता. निळ्या पट्टीला ती येत नव्हती. शिवाय आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीनं साठवलं तर देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट्स खातं. ‘शहापूर’ लिहायला काना आणि ऊकार धरून १८ बाइट्स. रोमनमध्ये तेच आठांत बसतं. तीस बाइट्सच्या रकान्यात आपली दहा चिन्हं मावली असती. रकाना बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतो, एवढंच.

इंटरनेटवरून आलेल्या गाण्यांचे टॅग मी उघडून बघायचे आणि मला हसू यायचं. आर्टिस्टच्या रकान्यात गायकाचं नाव नसायचं. ज्या साइटवरून गाणं फुकट उतरवलं होतं, तिचा पत्ता असायचा. अल्बमच्या रकान्यात तोच पत्ता, शेऱ्यातही तोच. संगीतकार, गीतकार, गायक सगळे पुसलेले आणि गाणं पळवणाऱ्याचं नाव तीन-तीनदा. किन्हवलीच्या चढावर जीप गुरगुरत चाललेली असायची आणि निळ्या पट्टीवर तो पत्ता एखाद्या मोठ्या उस्तादासारखा सरकत जायचा. कुणी तक्रार करायचं नाही. काहीतरी फिरतंय याचंच लोकांना समाधान.

मी ते पुसून खरी नावं लिहायचे. सांगितलं कुणीच नव्हतं. पण म्हशाच्या जत्रेआधी, पौषात, एकेका दिवशी दहा-पंधरा डिस्क भरायच्या असायच्या, तेव्हा हात आपोआप चालायचे. कव्हर सापडलं तर कव्हरवरून, नाहीतर जाणत्या गिऱ्हाईकाला विचारून. भीमगीतांची डिस्क न्यायला येणारे एक रिक्षावाले काका मला गायकच नाही, गीतकारही सांगायचे. “लिवनाऱ्याचं नाव राहतंय बाय,” म्हणायचे. जुन्या चिठ्ठीत गीतकाराला रकाना नाही. आम्ही तो शेऱ्यात बसवायचो.

मग दादा आला.

दादा म्हणजे माझ्या वडिलांच्या आत्याचा नातू. आम्ही किन्हवलीच्या पुढचे, आणि वडिलांची ही आत्या सरळगावच्या अलीकडच्या गावात दिलेली. आम्ही तिला आजीच म्हणायचो. दादाची स्वतःची जीप होती आणि आजी होती धवलारीण.

ठाणे-रायगडच्या आगरी घरांत, आणि इतरही काही समाजांत, लग्न लावण्यात धवलारणीचा मान मोठा. मांडव घालण्यापासून घाणा, तेल, हळद, प्रत्येक विधीचं गाणं वेगळं आणि ते तिला तोंडपाठ. वारली लग्नांत तिलाच धवलेरी म्हणतात आणि तिथे लग्न तीच लावते. वही नाही, पोथी नाही. आजीला सहीसुद्धा येत नव्हती, पण रात्रभर पुरेल एवढं गाणं तिच्या डोक्यात होतं. आमच्या लहानपणीच हळदीला डीजे आणि बेंजो पार्ट्या आल्या आणि धवल्याची वेळ आखडत गेली. “पाच मिनिटांत आटपा आजी, मशीन लावायचंय,” असं मुलं सरळ सांगायची. आजी रागावायची नाही. ती मांडवाच्या कोपऱ्यात बसून, आवाज न चढवता, सगळं गाणं पुरं करायची. मशीन सुरू झालेलं असलं तरी.

दादाच्या डोक्यात आलं की लगीनसराईत वऱ्हाड घेऊन जाताना जीपमध्ये आजीची गाणी लावायची. आणि पट्टीवर नाव फिरलं पाहिजे. “बाकीच्यांचं फिरतं, मग आपल्या म्हातारीचं का नको?”

घरी बसून म्हणायला आजीनं साफ नकार दिला. हळद नसताना हळदीचं गाणं तोंडात आणायचं नाही, म्हणाली. म्हणून खऱ्या लग्नातच दादानं तिच्यासमोर मोबाइल धरला. त्या फोनमधलं रेकॉर्डिंग बोलण्यासाठी बनवलेल्या बारीक फाइलीत व्हायचं, त्यामुळे आवाज एसटीडी बूथवरून आल्यासारखा. मागे पोरांची रडारड, भांडी, बेंजोवाल्याची जुळवाजुळव. त्यातून पाच गाणी निघाली. मी ती एमपीथ्रीत बदलली, टॅगची खिडकी उघडली आणि पहिल्यांदाच नीट लक्ष देऊन ते रकाने वाचले.

गाण्याचं नाव. धवल्यांना नाव नसतं. हळदीचं, तेलाचं, असं म्हणतात. त्यात रोमनमध्ये ‘धवला’ लिहिलं की वाचताना ‘धावला’ होतं. पुढे जीपमधल्या एकानं विचारलंच, “कोण धावला?”

साल. चार जागा. आजीला ही गाणी तिच्या सासूकडून आली, सासूला तिच्या आईकडून. मी रकाना रिकामा ठेवला.

प्रकार. जुन्या यादीत ८० प्रकार आहेत, ब्लूजपासून हार्ड रॉकपर्यंत. पोल्का आहे, टेक्नो आहे, थट्टामस्करीलासुद्धा एक आकडा आहे. लोकगीत नाही. ते नंतर विनअँपवाल्यांनी वाढवलं. मी तेच निवडलं.

अल्बमला दादानं गावाचं नाव सांगितलं. ते पटलं.

राहिला आर्टिस्ट.

“आजी लिही,” दादा म्हणाला. पण पट्टीवर नुसतं ‘आजी’ फिरणार, म्हणजे जगातली कुठलीही आजी. मग त्यानं रेशनकार्डावरचं नाव सांगितलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. ते आजीला वाचून दाखवायला म्हणून आम्ही तिच्याकडे गेलो. ती पडवीत वालाच्या शेंगा सोलत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते सासरचं. ते नको घालू.”

आमच्याकडे, आणि महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी, लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत होती. काही घरांत अजून आहे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. सगळे वाचतात, टाळ्या पडतात, तांदूळ गोळा केले जातात. ज्या मांडवांत हे व्हायचं, त्याच मांडवांत आजी आयुष्यभर गात आली होती. आणि तिच्या स्वतःच्या लग्नात तिचं नाव असंच तांदळात गेलं होतं.

“मग काय घालू?”

“माझे आयसनं ठेवलेलं.”

ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. विचित्र म्हणजे आजीचं माहेर म्हणजे आमचंच घर. मी रात्री वडिलांना विचारलं. त्यांनाही आठवेना. ते तिला आत्या म्हणायचे, त्यांचे वडील तिला बाय म्हणायचे. ज्या घरात ते नाव ठेवलं गेलं, त्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनंच सांगितलं. पाच रोमन अक्षरांत बसणारं, छोटं, आता मुलींना ठेवत नाहीत असं नाव. ते इथे लिहीत नाही. तिनं ते जीपच्या पट्टीसाठी दिलं होतं.

आणि वर म्हणाली, “तिचं पण घाल.” तिचं म्हणजे आजीच्या जावेचं. धवला एकटीनं गात नाहीत. एक पुढे म्हणते, दुसरी मागून झेलते, तेवढ्यात पहिलीला पुढची ओळ आठवायला सवड मिळते. “ती मागं नसती तर मना पुढं म्हणता आलं असतं का?” जावेलाही माहेरचं नाव विचारलं. ती आधी लाजली, मग इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं.

पट्टीवर दोन्ही नावं एकदम मावत नव्हती. त्यामुळे ती फिरायची. एक पुढे, दुसरं मागे, मग पुन्हा पहिलं.

त्या उन्हाळ्यात दादाच्या जीपमध्ये ही डिस्क खूप वाजली. पुढच्या सीटवर आजी बसली की दर गाण्याला विचारायची, “आलं का नाव?” दादा मान हलवायचा. तिला वाचता येत नव्हतं, पण अक्षरं हलतायत हे दिसायचं. कॉलेजच्या मुली मागून मोठ्यानं वाचायच्या आणि विचारायच्या, ही कोण गायिका? दादा पुढच्या सीटकडे बोट करायचा.

मी त्याच पाच गाण्यांची एक साधी ऑडिओ सीडीही केली होती, कल्याणच्या एका नातेवाइकांच्या जुन्या प्लेअरसाठी. त्यांच्या मुलानं ती इंटरनेट असलेल्या कंप्युटरमध्ये घातली आणि फोन केला. स्क्रीनवर कुठल्यातरी परदेशी बँडचा अल्बम दिसत होता, चित्रासकट. यामागेही तेच कारण. ऑडिओ सीडीवर नाव नसतं, म्हणून कंप्युटर गाण्यांच्या लांबीवरून एक आकडा काढतो आणि इंटरनेटवरच्या यादीत शोधतो. ही यादी १९९०च्या दशकात सुरू झाली आणि जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या डिस्क घालून, नावं टाइप करून ती वाढवली. ज्यांची गाणी कुणी टाइप केली त्यांची नावं यादीत आली. आजीची पाच गाणी लांबीला कुणाच्या तरी पाच गाण्यांसारखी होती, आणि यादीत फक्त ती दुसरी होती. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं.

नंतर एम. ए.ला मराठी घेतल्यावर मला महदंबा भेटली. तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली, मराठीतली आद्य कवयित्री मानली जाणारी. तिच्या नावावरची रचना कोणती? धवळे. लग्नात गायची गाणी. गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या खेळात तिनं ती म्हटली, असं सांगतात. वर्गात मी एकदम ताठ बसले. मांडवात डीजेवाल्यांना अडचण वाटणारा हा प्रकार आपल्या कवितेच्या इतिहासात पहिल्या पानावर बसलेला होता. महदंबेच्या आधी आणि नंतर किती बायकांनी धवळे म्हटले असतील, मोजता येणार नाही. तिचं नाव राहिलं, कारण महानुभावांनी ते लिहून ठेवलं आणि पोथ्या जपल्या.

दुसरं उदाहरण आपल्या काळातलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. आता त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर आहेत. तिथे ओवी उघडली की गाणारीचं नाव आणि गाव दिसतं. ओवी तिनं रचलेली असो किंवा आईकडून आलेली, ती गायली कुणी, हे सांगितलेलं आहे. पहिल्यांदा ते पान बघितलं तेव्हा मला आजीनं केलेला हिशोब आठवला. गाणं सगळ्यांचं, पण आवाज तिचा आणि जावेचा. म्हणून नावं दोघींची.

आजीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मृत्यूच्या दाखल्यावर सासरचं नाव आहे. मतदारयादीत तेच होतं, सातबाऱ्यावर नावच नव्हतं. शाळेत ती गेली नाही, म्हणजे दाखला नाही. जावही गेली. डिस्क जीपच्या डॅशबोर्डवरच्या उन्हानं आधीच संपली होती. राइट केलेल्या सीडीत रंगाचा एक थर असतो, त्यावर सगळं लिहिलेलं असतं आणि उन्हात तो हळूहळू मरतो. पुढे जीप विकली, प्लेअर तिच्याबरोबर गेला. फाइली मात्र माझ्याकडे आहेत. हार्ड डिस्कवरून पेनड्राइव्हवर, तिथून फोनवर. टॅग फाइलच्या आतच असल्यामुळे तोही बरोबर आला. आता तो मी देवनागरीत करून घेतलाय, फोनला देवनागरी जड जात नाही. सगळे कागद शोधले तरी आजीचं आईनं ठेवलेलं नाव कुठेही लिहिलेलं सापडणार नाही. ते आहे ते पाच एमपीथ्री फाइलींच्या आर्टिस्टच्या रकान्यात.

तुमच्या फोनमध्ये आत्ता असे आवाज नक्की असतील. आजीचा, मावशीचा, गावच्या भजनाचा. व्हॉट्सअॅपवरून आलेला व्हॉइस मेसेज साठवला की त्याचं नाव होतं पीटीटी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि चार आकडे. आपल्या जुन्या ट्रॅक एकचीच ही लांबलेली आवृत्ती. फोन बदलला की अशा शेकडो फाइली एका फोल्डरमध्ये पडतात आणि दोन-तीन वर्षांनी जागा कमी पडली की आपण त्या न ऐकता उडवतो. नाव असलेली फाइल उडवताना बोट थोडं थांबतं, एवढा माझा अनुभव.

फाइलचं नाव बदलायला अर्धा मिनिट लागतो. टॅग भरायची अॅप फुकट मिळतात, त्यालाही फार वेळ लागत नाही. जास्त वेळ लागतो तो आधीच्या कामाला. त्यासाठी तिच्याकडे जावं लागतं, तिच्याशेजारी बसून शेंगा सोलाव्या लागतात आणि विचारावं लागतं, की तुझ्या आईनं तुझं नाव काय ठेवलं होतं.